जहाजाच्या नाकावरची बाई

एका पितळेच्या बाईच्या चेहऱ्यावर मी डोळे रेखले, हा माझा मूर्खपणा. बाई केवढी, तर करंगळीच्या पेराएवढी. मी तेव्हा वयाने लहान होते, नुकतीच अडुसष्ट ओलांडली होती, आणि त्या वयाला शोभेल तेवढीच अक्कल होती. आज त्या पोरीकडे मागे वळून बघते तेव्हा वाटतं, जावं आणि तिच्या हातातली आगकाडी काढून घ्यावी. पण ती देणार नाही. आपण फार गंमत करतोय असं तिला वाटत होतं.

माझी मोठी नात जहाजावर असते. मालवाहू जहाज, लोखंडाचं, आमच्या गल्लीपेक्षा लांब. ती तिथे अधिकारी व्हायला शिकत होती तेव्हाची ही गोष्ट. लहानपण तिचं माझ्याकडे जळगावात गेलं, आईवडील नोकरीसाठी नाशिकला गेले ते नंतर. पाणी म्हणून तिने पाहिलं ते मेहरूण तलावातलं, नाहीतर नळाला दिवसाआड येणारं. समुद्राचं वेड तिला कुठून लागलं हे आमच्यात कुणालाच ठाऊक नाही. सुनेचं म्हणणं, माझ्याकडून. मी समुद्र पाहिला तो एकदाच, लग्नानंतर, आणि पहिल्या लाटेला चपला तिथेच टाकून पळाले होते. तरी हा आरोप मी आनंदाने मान्य करते.

पहिल्यांदा बोटीवर चढायच्या आधी तिने मला कुरिअरने एक खोका पाठवला. आत लाकडी जहाज होतं, जुन्या काळचं, शिडाचं. म्हणजे खोक्यावरच्या चित्रात होतं. खोका उघडला तर जहाज कुठेच नाही. पातळ फळ्या, त्यात कापून ठेवलेले आकार, काडीसारख्या पट्ट्यांचे जुडगे, दोऱ्याची रिळं, पांढऱ्या कापडाचा तुकडा, आणि छोट्या छोट्या पुड्यांतून पितळेचं काहीबाही. मी तिला फोनवर विचारलं, तुझं जहाज तर लोखंडी, मग हे शिडाचं मला कशाला? ती म्हणाली की लोखंडीच पाठवणार होते, पण तुला वेल्डिंग येत नाही.

तर मी ते बांधायला घेतलं. आधी कणा, मग कण्याला आडव्या बरगड्या. एवढं झाल्यावर ते जेवणाच्या टेबलावर उभं राहिलं तेव्हा माझ्या मोठ्या जावेने बघितलं आणि माशाचा काटा जपून का ठेवलाय म्हणून विचारलं.

मोठ्या जावेला आम्ही अक्का म्हणतो. ती धुळ्याची, म्हणजे आमचं सासरचं घर धुळ्याला, आणि इतकी वर्षं ती तिथेच राहिली. दोघींचे नवरे गेले, तिचे गुडघे गेले, मग ती एक ट्रंक आणि देवीचा नारळ घेऊन माझ्याकडे जळगावला आली. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. अजून अहिराणीशिवाय बोलत नाही. टीव्हीवरच्या बाईशीसुद्धा अहिराणीतच भांडते.

बरगड्यांवर पट्ट्या चढवायच्या असतात. पट्टी सरळ आणि जहाजाचं पोट गोल, म्हणून पट्टी पाण्यात भिजत घालायची आणि मऊ झाली की गरम वस्तूवर वाकवायची. पुस्तिकेत त्यासाठी एक विजेचं यंत्र दाखवलं होतं. मी कुकरवर वाकवल्या. वरण शिजलं की कुकर खाली उतरवायचा आणि त्याच्या गरम पोटावर पट्टी फडक्याने दाबून धरायची. आमच्या जहाजाची ठेवण त्यामुळे जराशी पाच लिटरच्या कुकरवर गेली आहे. एक पट्टी डावीकडे, एक उजवीकडे, असं आळीपाळीने करायचं, नाहीतर कणा पिळतो. गोंद वाळेपर्यंत कपड्यांचे चिमटे लावायचे. दिवाळीनंतर हात घातला तो आषाढापर्यंत पुरला. त्या काळात आमच्या घरचे कपडे दोरीवरून उडून शेजारी जायचे.

आणि एक गोष्ट मी तेव्हा कुणाला बोलले नव्हते. त्या जहाजावर मी नातीला बसवलं होतं. मनातल्या मनात. ती फोनवर म्हणाली आज वारा सुटलाय, की फोन ठेवून मी डोलकाठ्यांचे दोर हाताने चाचपून बघायची, सैल तर नाहीत ना. ती म्हणाली बंदराला लागलो, की मी जहाज उचलून भिंतीच्या कडेला सारायची. म्हातारीने बाहुल्यांशी खेळावं तसा हा प्रकार होता. पण लेकरू पाण्यावर असलं की घरात बसलेल्या माणसाला हाताला काहीतरी लागतं.

शेवटी एका पुडीत ती बाई उरली. जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाला, नाकावर म्हणा, बसवायची. जुने खलाशी अशी बाई बसवायचे, ती पुढचं पाणी बघते म्हणून, असं नातीने सांगितलं. लोखंडी जहाजांना आता ती नसते. बाई देखणी होती. नाक होतं, ओठ होते, केस वाऱ्याने मागे उडालेले. डोळ्यांच्या जागी मात्र नुसतं गुळगुळीत. बघायला बसवलेली आणि डोळेच नाहीत, हे मला काही पटेना. तरी मी तिला तशीच चिकटवली आणि जहाज बैठकीतल्या कपाटावर ठेवलं.

श्रावण लागला आणि कानबाई आली.

खान्देशाबाहेरच्यांसाठी थोडं सांगायला हवं. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळालाच देवी करायची. त्याला डोळे रेखायचे, कुंकू लावायचं, नथ घालायची, लुगडं नेसवायचं आणि चौरंगावर बसवायची. रात्रभर बायका गाणी म्हणतात. सोमवारी सकाळी चौरंग डोक्यावर घेऊन वाजतगाजत पाण्यावर जायचं, देवीला बुडवायचं आणि निरोप द्यायचा. आमच्या घरची रीत अशी की नारळ बुडवून परत आणायचा आणि पुढच्या वर्षीपर्यंत ट्रंकेत ठेवायचा. प्रसादाला रोट असतो, म्हणजे गव्हाची जाड गोड पोळी. त्याचे गहू घेताना घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ टाकायची. तो रोट फक्त घरच्यांनी खायचा आणि पौर्णिमेच्या आत संपवायचा. आणि देवी कडक. एकदा बसवली की तिची पाठवणी झालीच पाहिजे. न पाठवलेली देवी घरात ठेवून कुणाचं बरं झालेलं मी ऐकलेलं नाही, आणि अक्काने तर मुळीच नाही.

नारळाला डोळे रेखायचं काम अक्काचं. मी लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाईंनी ते मला दिलं होतं. मी वीस वर्षांची, स्वतःला चित्रकार समजणारी. काजळात काडी बुडवून मी असे काही डोळे काढले की देवी एका डोळ्याने दाराकडे आणि एका डोळ्याने स्वयंपाकघराकडे बघायला लागली. आरतीला जमलेल्या बायका पदर तोंडात घालून हसत होत्या. अक्का तेवढं एकच वाक्य बोलली, “देवी चकनी करी दिन्ही हाईनी.” त्यानंतर अट्ठेचाळीस वर्षं मला काडीला हात लावू दिला नाही. दरवर्षी मी शेजारी बसून ताट धरायचं आणि तिने डोळे काढायचे. मी इतकी वर्षं ते ताट धरलं, पण मनातून काही सोडलं नव्हतं, हे उघड आहे.

त्या रविवारी सकाळी गव्हाच्या मुठी घेताना मी अक्काला म्हटलं, एक मूठ पोरीच्या नावाची घे. ती समुद्रावर आहे. अक्का म्हणाली की पोरी परक्या घरच्या, त्यांच्या नावाची मूठ आपल्या रोटात नसते. रीत ती रीत. मी चिडले.

दुपारी सगळं आवरलं. मुलगा आणि सून नाशिकहून यायचे होते, ते संध्याकाळी पोचणार होते. अक्काने नारळ सजवला, डोळे रेखले, आणि घटकाभर आत जाऊन आडवी झाली. ताट तिथेच होतं. काजळ, खोबरेलात कालवलेलं कुंकू, आणि आगकाडी. बैठकीत मी, चौरंगावरची कानबाई आणि कपाटावरची ती आंधळी बाई, अशा तिघीच होतो. बाहेर ऊन-पाऊस चालू होता. मी स्टुलावर चढून जहाज खाली घेतलं, चौरंगाच्या शेजारी पाटावर ठेवलं, चष्मा पुसला, आणि त्याच काडीने, त्याच काजळाने तिला डोळे काढले. अगदी सरळ निघाले. दोन्ही समोर बघणारे. मग कपाळावर कुंकवाचा ठिपका दिला. मनात म्हटलं, घ्या, याला म्हणतात डोळे. अक्कासाठी म्हटलं ते. बाईशी मी काही बोलले नव्हते.

जहाज परत वर ठेवायचं राहून गेलं. संध्याकाळी गल्लीतल्या बायका आल्या. त्यांनी कानबाईला हळदकुंकू वाहिलं आणि शेजारी पाटावर काहीतरी मांडलेलं दिसलं, त्यालाही वाहिलं. एकीने तांदूळ घातले. एकीने खणाची घडी ठेवली. कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मला गंमत वाटत होती. अक्का दाराशी खुर्चीत बसून येणाऱ्यांना नावं ठेवत होती, तिचं लक्ष नव्हतं. रात्री त्या दोघींसमोर गाणी झाली.

सोमवारी कानबाई मेहरूणला गेली, बुडाली, परत आली, ट्रंकेत गेली. मुलगा आणि सून दुपारच्या गाडीने नाशिकला गेले. घर रिकामं झालं. अक्का चौरंग पुसायला वाकली आणि तिथेच थांबली.

“हाई कोन शे व?”

मी म्हटलं, जहाजाची बाई आहे, तुला माहीत नाही का. ती म्हणाली की ते ठाऊक आहे, हिला डोळे कुणी दिले? मी आधी हसले. मग ती हसत नाही असं बघून खरं सांगितलं. त्याच ताटातलं काजळ, तीच काडी, पाट, तांदूळ, खण, गाणी. अक्का हळूहळू खाली बसली.

“तू रानबाई बसाडी दिन्ही,” ती म्हणाली.

रानबाई ही कानबाईची बहीण. काही घरांत दोघींना बसवतात. आमच्या घरात नाही. आमच्या घरात ती कधीच बोलावलेली नव्हती.

मी जहाज उचललं आणि कपाटावर ठेवून दिलं. अक्काला म्हटलं, चहा करते.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं ते असं. मी जहाज नेहमी भिंतीला समांतर ठेवायची, नाक खिडकीकडे. सकाळी उठून बघितलं तर नाक दाराकडे. मला वाटलं अक्काने वळवलं. अक्काला वाटलं मी. दोघी एकमेकींवर दोन दिवस रुसलो. मग मला आठवलं की अक्काचा हात खांद्याच्या वर जात नाही. वेणीसुद्धा मीच घालून देते तिची.

मग आवाज. पावसाळी हवेत दोरे आखडतात आणि पंख्याच्या वाऱ्याने ताणलेला दोरा घुमतो, हे मला कळत होतं. आवाज बारीक होता. लांब कुठेतरी बायका एका सुरात गात असाव्यात आणि शब्द पोचू नयेत, तसा. अक्काला कमी ऐकू येतं. शेजारच्या लग्नातला बँड तिला ऐकू आला नव्हता. पण हे मला कळायच्या आधी तिला कळलं. जेवता जेवता हात थांबवून ती कपाटाकडे बघायला लागली. भर दुपारची वेळ. मी उठून पंखा बंद केला. आम्ही दोघी थांबलो. गाणं चालूच होतं.

एका दुपारी कपाटाच्या कडेवर, बरोबर त्या बाईच्या खाली, पाण्याचा थेंब दिसला. छत गळत नव्हतं. मी स्टुलावर चढून बघितलं, छताला ओल नाही. थेंब पुसला. चहा होईपर्यंत दुसरा होता. मग मी जे केलं ते शहाण्या बाईने केलं नसतं. बोटाने टिपला आणि चाटला.

“चाटस काय व?” अक्का खालून म्हणाली.

खारट होता. त्या कपाटावर पूर्वी लोणच्याच्या बरण्या असायच्या, हे मी लगेच अक्काला सांगितलं. मीठ लाकडात मुरलं असेल. अक्काने मान हलवली. माझ्या बोलण्याला तिने होकार दिलेला नव्हता, तिची मान तशीही हलते.

या सगळ्याला मी हसले असते. गल्लीत जाऊन रंगवून सांगितलं असतं. पण नातीचा फोन नव्हता. तिने आधीच सांगितलं होतं की मोठा पल्ला आहे, पावसाळ्यातला समुद्र आहे, दोन-चार दिवस नेट मिळणार नाही. ते दिवस होऊन गेले होते. नाशिकहून सुनेचा रोज फोन यायचा. ती आधी माझ्या तब्येतीचं विचारायची, मग पावसाचं, आणि शेवटी, जसं काही सहज, तुम्हाला फोन आला होता का हो तिचा? मी म्हणायची, येईल. तीही म्हणायची, येईल.

पौर्णिमा जवळ येत चालली होती. अक्काने विषय काढला.

“बसाडेलले धाडनंच पडस,” ती म्हणाली. बसवली आहे, तर पाठवली पाहिजे. पाण्यावर न्यायची, बुडवायची, हात जोडायचे. मेहरूणच्या साचलेल्या पाण्यात नको, तापीवर नेऊ, तापीचं पाणी समुद्राला जातं. पौर्णिमेच्या आत. नाहीतर पोरीचं काय व्हायचं ते तिला बोलायचं नव्हतं, पण बोलली.

मी आयुष्यात अक्काला उलटून बोलले नाही असं नाही, पण त्या दिवशी जे बोलले ते निराळं होतं. जहाज माझ्या मांडीवर होतं. ते मी कुकरवर वाकवून बांधलं होतं. त्याच्यावर माझी नात होती. ती मालवाहू बोट अरबी समुद्रात कुठे होती ते मला ठाऊक नव्हतं, पण हे जहाज माझ्या दोन हातांत होतं, आणि ते मी स्वतःच्या हाताने पाण्यात बुडवायचं?

“मन्ही पोर पानीवर शे, अक्का,” मी म्हटलं. “माले बोट बुडाडाले नको सांगू.”

अक्का नुसती उठून आत गेली. तिच्या बोलण्यापेक्षा त्या उठण्याची मला जास्त धास्ती वाटली. दोन दिवस आम्ही दोघी त्या कपाटाकडे पाठ करून बसायचो. बसताना खुर्च्या आपोआप तशा वळवायचो. मी ओल्या फडक्याने ते डोळे पुसून टाकायचा प्रयत्न केला, हेही सांगते. तेलातलं काजळ, पुसलं तर नुसतं चकाकलं. साबण लावायला हात पुढे केला आणि मागे घेतला. ती सरळ माझ्याकडे बघत होती. मीच काढले होते तसे.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सून फोनवर बोलता बोलता रडायला लागली. कंपनीत विचारलं तर म्हणाले, हवा खराब आहे, जहाज व्यवस्थित आहे, काळजी करू नका. काळजी करू नका म्हणाले म्हणून ती रडत होती. मी फोन ठेवला आणि अक्काला म्हटलं, चल.

ओळखीचा रिक्षावाला होता, त्याला यावलच्या रस्त्याला तापीवर न्यायला सांगितलं. अक्का एका बाजूला ओटीची पिशवी घेऊन, मी दुसऱ्या बाजूला जहाज मांडीवर घेऊन. रिक्षावाल्याने विचारलं, आजी, नातवाचा शाळेचा प्रोजेक्ट का? मी हो म्हटलं. तो म्हणाला, चांगलं जमलंय, पण बाई कुठे असते का बोटीवर. पुढे दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा सुरू झाल्या. ऊन पडलं होतं, पानं हलत नव्हती. मी जहाजाचं नाक धरून बसले होते, तरी प्रत्येक वळणावर ते माझ्या हातात नदीच्या बाजूला फिरायचं. रिक्षाच ती, वळली की मांडीवरचं सगळंच फिरतं. मी स्वतःला तसं सांगत होते.

पोचलो तेव्हा भर दुपार होती. तापी गढूळ, भरलेली. काठावर चिटपाखरू नव्हतं. रिक्षावाला वर झाडाखाली थांबला. अक्काला उतरता येईना म्हणून ती वरच्या दगडावर बसली आणि तिथून मला सांगत गेली. आधी कुंकू. मग तांदूळ, खोबऱ्याची वाटी, हिरव्या बांगड्या. त्यानंतर पिशवीतून तिने एक पुरचुंडी काढून माझ्याकडे दिली. मी सोडून बघितली. गहू होते. मी तिच्याकडे बघितलं तर ती नदीकडे बघत होती. म्हणाली, ही पोरीच्या नावाची मूठ आहे, ती पण तिच्या ओटीत घाल.

मी गुडघाभर पाण्यात उतरले. आमचं ठरलं होतं की सोडायचं नाही, नारळासारखं बुडवून परत आणायचं, आणि बुडवायचंसुद्धा नाकापुरतं. दोन्ही हातांनी जहाजाचं पोट घट्ट धरून मी पुढचं टोक पाण्यात घातलं. वरून अक्काचा आवाज आला. लेकीला सासरी पाठवताना लावते तसा आवाज तिने लावला होता.

“जाय माय. सुखी ऱ्हाय. पुढला साल बलावसूत तुले.”

त्या क्षणी जहाज ओढलं गेलं. प्रवाहच तो, पुराच्या पाण्याला ओढ असतेच. पण प्रवाह माझ्या उजवीकडून डावीकडे चालला होता आणि जहाज सरळ पुढे, नदीच्या मध्याकडे ओढ घेत होतं, गाईकडे जायला वासरू दावं ओढतं तसं. मी पायाची बोटं वाळूत रुतवली. सोडलं नाही. वरून अक्का ओरडली नाही, तिने नुसतं माझं नाव घेतलं, ते ती कधी घेत नाही. मग एकदम हात हलके झाले आणि मी मागे, पाण्यातच, बुडावर बसले. जहाज माझ्या छातीशी होतं. एक शीड फाटलं होतं.

काठावर येऊन आम्ही दोघींनी बघितलं. बाईचा चेहरा कोरा होता. नाक, ओठ, मागे उडालेले केस, आणि डोळ्यांच्या जागी खोक्यातून निघाली तेव्हासारखं गुळगुळीत पितळ. काजळ नाही, कुंकू नाही. माझ्या बोटांना लागलेलं त्याच ताटातलं कुंकू दोन दिवस निघालं नव्हतं. पुराच्या पाण्यात वाळू असते, ती घासली गेली असेल.

घरी येऊन जहाज पुसलं, वाळवलं, कपाटावर ठेवलं. खिडकीकडे नाक केलं. दुसऱ्या दिवशी ते खिडकीकडेच होतं. पंखा लावला तरी आवाज नाही. थेंब नाही. अक्काने दुपारी पोटभर जेवून घोरायला सुरुवात केली. मी माझ्यावरच खूश होऊन बसले. केलेली चूक आपण निस्तरली असं वाटत होतं मला. बघा, म्हणूनच म्हणते, अडुसष्ट हे काही वय नव्हे.

त्याच संध्याकाळी नातीचा फोन आला. आधी आईला केला होता, मग मला. डाळ खाऊन कंटाळले म्हणाली. झोप झाली नाही म्हणाली. सगळे ठीक आहेत, बोट ठीक आहे. मी पदराने डोळे पुसत हो हो करत होते. बाईला डोळे काढल्याचं मी तिला सांगितलेलं नव्हतं. सुनेला आणि मुलालाही नव्हतं. अक्काला फोन लावता येत नाही. तापीवर गेलो होतो हे तर आम्हा दोघींना आणि त्या रिक्षावाल्यालाच ठाऊक. पुढे ती कितीदा सुट्टीवर येऊन गेली, तेव्हा तेव्हा मी त्या फोनवरच्या बोलण्याचा विषय काढून बघितला. ती मोबाईलमध्ये तोंड घालते आणि म्हणते, मी असं कधी म्हटलं? थापा मारण्यात ती माझ्यावर गेली आहे, त्यामुळे कोणती थाप आणि कोणती नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण फोनवर मागून इंजिनाची घरघर येत होती, आणि मग ती आवाज लहान करून म्हणाली ते माझ्या पक्कं लक्षात आहे:

“आजी, हसू नकोस. मोठ्या लाटा होत्या ना, त्या सगळ्या दिवसांत आमच्या जहाजाच्या अगदी पुढच्या टोकावर एक बाई पाठमोरी बसलेली दिसायची मला. कुणाला सांगितलं नाही, वेडी म्हणतील. काल दुपारी बघितलं तर नव्हती. आजी, ती होती तोवर मला भीती वाटली नाही. आता समुद्र शांत आहे, आणि आता वाटतेय.”